येनूबाईचा गाठींचा दोरा

टेस्ट ट्यूबमधलं निळं औषध तिसऱ्या आठवड्यातही उकळून विटकरी झालं आणि आमच्या डॉक्टरसाहेबांचा पारा चढला.

"ऋषी, तू चोरून साखर खातोस आणि इथं येऊन खोटं बोलतोस."

"नाई जी, साहेब," ऋषीभाऊ पुटपुटला. तलावात मासे मारणारा माणूस. उजव्या पायाच्या अंगठ्यात काटा रुतला होता, ती जखम दोन महिने भरत नव्हती. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत साखर उतरली नाही तर चंद्रपूरला पाठवतो, तिथं पाय कापतील, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पाय गेल्यावर तलावात उतरणार कसा?

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. चामोर्शी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होतो. दिवसभर मलेरियाच्या स्लाइड बघायच्या. डायबेटिस हा शेठ लोकांचा रोग, असंच आम्ही समजत होतो. तपासणी सोपी होती. ट्यूबमध्ये बेनेडिक्ट नावाचं निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर वाढेल तसं हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी.

ऋषीभाऊची बायको येनूबाई दाराशी उभी होती. ती पुढे आली.

"साहेब, आमच्या घरी चहाबी नाई बनत. जे साखर घरातच नाई, ते बंद कशी करू?"

"मग लघवीत येते कुठून?"

"ते तुमी शिकले. तुमीच सांगा."

मला हसू आलं, ते मी दाबलं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "भाऊ, हे निळं औषध मले द्या. घरीच पाहून घेईन." मी बाटली, ड्रॉपर, दोन ट्यूब दिल्या. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ट्यूब कशी धरायची ते दाखवलं.

"तिला लिहिता येतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग काय उपयोग?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या बाजाराला तिनं पदरातून जाळ्याचा दोरा काढून टेबलावर ठेवला. दोराभर गाठी.

"एक गाठ म्हंजे निळं, दोन म्हंजे हिरवं, तीन म्हंजे लाल. पोटभर भात खाल्ला का तीन. पेज पेली का तीन. भात मूठभर अन् मासोळी, भाजी जास्त देल्ली तं दोन. तीन-तीनदा करून पायलं."

एकदा पाहून ती थांबली नव्हती. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. भाताची पोटात साखरच होते, हे साहेबांनाही पाठ होतं. पण तिन्ही वेळ भात खाणाऱ्या मुलखात आम्ही फक्त 'साखर बंद' एवढंच सांगत बसलो होतो. त्या बाईपुढे मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी दोरा हातात घेऊन एकेक गाठ मोजली. मग भरल्या ओपीडीत म्हणाले, "ऋषी, तू खोटं बोलत नव्हतास. चूक माझी. चंद्रपूरचं पंधरा दिवसांनी बघू." त्या दिवशी मला तेही आवडले.

भात वाटीभर ठरला. डायबेटिसची गोळी वाढवली. रोज ड्रेसिंग. येनूबाई दर बाजाराला नवा दोरा आणायची आणि गाठी कमी होत गेल्या. अंगठा गेला, पाय राहिला. पावसाळ्याआधी ऋषीभाऊ जाळं घेऊन तलावात उतरला.

तेव्हापासून काय बंद कर हे सांगण्याआधी, घरी काय शिजतं हे मी पेशंटला विचारतो. निम्मं निदान तिथंच होतं. उरलेलं निम्मं त्याच्या बायकोला ठाऊक असतं.