सोड्यात उकळलेली तार

सदा गड्या, मंगळवेढ्याच्या स्टँडवर आबांनी माझी वळकटी एसटीच्या टपावर चढवली, तेव्हा तू खिडकीला लोंबकळत होतास. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. आबा एवढंच म्हणाले, "दिवाळीपतुर बघ. न्हाय जमलं तर ये माघारी, मेंढरं हायतच की." मला माघारी यायचंच नव्हतं, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर लागलो. दिवसभर खटाखट, कानाला दडे. एका सुट्टीला ऑर्केस्ट्राची तालीम कानावर पडली आणि माझं डोकंच फिरलं! लोक गाणाऱ्याकडं बघत होते, मी बघत होतो बेस गिटारकडं. काय तो आवाज, थेट पोटात घुमणारा! त्यांचा बेसवाला सोडून गेला होता. ऑर्केस्ट्राचे मास्तर म्हणाले, "ही जुनी गिटार घेऊन जा, शिक. दसऱ्याला वाजवलीस तर तू आमचा."

चार महिने बोटं सोलली. पण सगळ्यांत जाड 'ई' तार लुळीच. काही केल्या सुरात बसेना. मागावरचा माणूस सूत चिमटीत फिरवून त्याच्या जाडीचा नंबर सांगतो, तुला ठाऊक आहे. एक दिवस तशाच तारा चिमटीत फिरवल्या आणि ओरडलोच. 'ई' आणि शेजारची 'ए', दोन्ही एकाच जाडीच्या! कुणा शहाण्यानं 'ई'च्या जागी दुसरी 'ए'च चढवली होती. मास्तरांना नाही कळलं, मला कळलं! मी लई फुगलो. मास्तरांनी मुंबईहून नवा संच मागवला.

दसऱ्याच्या सकाळी तारा चढवायला बसलो. मागावर धागा जोडला की जास्तीचं शेपूट लगेच कातरायचं, ही हाताची सवय. नवी 'ए' खुंटीला वाकवायच्या आधीच मी कातरली. बेसची तार आधी वाकवायची, मग कापायची, नाहीतर तिच्यावर गुंडाळलेल्या तारेचा वेढा सैल पडतो. पडलाच! आवाज नुसता थप्प. सोलापुरात दुसरी मिळणार नव्हती आणि कार्यक्रम संध्याकाळी. जुन्या दोन 'ए' होत्या, पण घामानं, मळानं मेलेल्या.

पायरीवर बसून रडलो, खोटं कशाला बोलू. घरमालकीण अक्का तेलुगू, सूत रंगवायची. माझ्या रडण्याकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. तारा मळानं मेल्यात कळल्यावर म्हणाली, "मळकं सूत आमी सोडा घालून उकळतो की. आण हिकडं." आणि रंगाच्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळून एक जुनी तार तिनं सरळ त्यात सोडली. दहा मिनिटांत पाणी काळं! पुसली, उन्हात वाळवली, चढवली.

संध्याकाळी मांडवात गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि भीत भीत 'ए' छेडली. पायाखालची फळी हादरली रे सदा! पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत तार टिकली. मास्तर म्हणाले, "झालास आमचा! चल, जेवायला." माझ्या तोंडून गेलं, "नको मास्तर, घरी जातो. अक्काला सांगायचंय."

तोवर मी त्या जागेला खोलीच म्हणायचो. 'घरी' बोलून गेलो आणि आबा आठवले. दुसऱ्या दिवशी 'माघारी येत नाही' म्हणून त्यांना कार्ड टाकलं, तारेचं काहीच लिहिलं नाही.

आज माझं इथं बिऱ्हाड आहे, पोरं आहेत. तू विचारतोस, घर कुठलं म्हणायचं? मनासारखं काही झालं की पाय जिकडं पळतात, ते घर. त्या दिवशी ते आबांकडं पळाले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.