हडंब्यावर वाजलेली जाहिरात

भानामती, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काहीही मानत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दाराला बांधलेला बिब्बा मी माझ्या हाताने काढून फेकला होता, आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते अजून अधूनमधून चालू असतं. त्यामुळे हे लिहून पाठवते म्हटल्यावर नवरा म्हणाला, "तू? अन् असलं लिहिणार?" हो, मीच लिहिणार. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं, फक्त आधी शेवटपर्यंत वाचावं.

गाव आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. मेन रोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नवरा गजानन आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त रफिकभाई यांचा भागीत ट्रॅक्टर आणि हडंबा. हडंबा म्हणजे मळणीयंत्र, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं. दसरा झाला की दोघं सोयाबीनच्या गंज्या, म्हणजे कापून रचलेले ढीग, मळून काढत या शेतातून त्या शेतात हिंडतात.

जाहिरातींवरचा माझा राग जुना आहे. दुकानात कुणाचा पीकविम्याचा फॉर्म भरायला घ्यावा तर कोपऱ्यातून पोट कमी करायची गोळी सरकत येणार. 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार बटणं, त्यातलं खरं कुठलं ते ज्याचं त्याने शोधावं. एकदा एक म्हातारे बाबा समोर बसले होते आणि स्क्रीनभर अंगावर नावापुरते कपडे असलेली बाई आली. बाबा बिचारे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले, ते ती जाईपर्यंत. त्याच दिवशी मी कॉम्प्युटरवर ॲड ब्लॉकर टाकला. काय सांगू, घरात झाडू मारल्यासारखं वाटलं! मग सुटलेच मी. स्वतःचा फोन, जाऊबाईंचा, सासऱ्यांचा. त्यांच्या हरिपाठाच्या मधोमध बनियनची जाहिरात लागायची, ती बंद झाली तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं बोलले.

शेवटी नवऱ्याचा नंबर लागला. हडंब्यावर काम करताना तो फोनची गाणी ट्रॅक्टरच्या साउंडवर लावायचा. मशीनच्या घरघरीत गाणं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं, पण मध्ये पत्त्यांच्या गेमची एक जाहिरात लागायची ती बरोबर सगळ्या शिवारात पोचायची. एक बाई जीव गेल्यासारखी किंचाळायची, "अरे रुक! अकेला अकेला कहाँ चला?" आणि मग खिदळायची. मी डबा घेऊन गेले की हेच. गंजीवर बायका, त्यांची लेकरं, आणि ही बया खिदळतेय. डोक्यात तिडीक गेली. फोन घेतला आणि टाकला ब्लॉकर.

दोन दिवसांनी रफिकभाई दुकानात आले.

"भाभी, आमची घंटी काढून टाकली तुमी."

"कसली घंटी?"

"ती बाई ओरडली की आमी बदली करायचो ना. तोंडावरचा माणूस खाली, खालचा वर. आता गाणं सरतच न्हाई."

आधी मला हसूच आलं. पण ते समजावून सांगत होते ते खरं होतं. हडंब्याच्या तोंडाशी उभं राहून सोयाबीन लोटणं हे सगळ्यात जिवावरचं काम. आत ड्रम फिरत असतो, एक क्षण डुलकी लागली तर हात कोपरापर्यंत आत. माणूस थकला की बदलायला पाहिजे. पण "मी थकलो, तू ये" असं आधी कोण म्हणणार? दोघंही मराठवाड्याचे वाघ! ती जाहिरात लागली की कुणालाच काही म्हणावं लागायचं नाही. हात मागे घ्यायचे, डावीकडे उडी मारायची, दुसऱ्याने उजवीकडून वर यायचं. कित्येक हंगाम हेच चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"तोंड दिलंय ना देवाने? बोलायचं की मग, दमलो म्हणून," मी म्हणाले.

रफिकभाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्यांना बांगड्या भरायला सांगितल्या. ब्लॉकर काढून देते म्हटलं तर गजानन अडून बसला. "जाहिरातीवाचून काम जमत न्हाई का आपल्याला? राहू दे तसंच." आता तो त्याच्या इज्जतीचा प्रश्न झाला होता.

त्यानंतर दोघांची रोज कुरबुर. आणि त्या दिवशी सकाळी ती हातघाईवर आली. मी तेव्हा तिथे नव्हते, गंजीवरच्या काशीबाईंनी नंतर सांगितलं. गजानन तोंडावर उभ्या-उभ्या पेंगला. रफिकभाई ओरडले, "उतर खाली, हात गेला तर भाभीला काय सांगू मी?" हा म्हणाला, "तू मला शिकवू नको." रफिकभाईंनी खाली ओढला, याने कानाखाली वाजवली, त्यांनी तोंडावर ठोसा दिला. मग याने लोखंडी दात्यांचं दाताळं उचललं. शेताचा मालक मध्ये पडला म्हणून, नाहीतर तिथेच एकाचं पोट फाटलं असतं. ज्यांनी लहानपणी एका ताटात शिरखुर्मा खाल्ला ती ही माणसं!

दुपारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा गजानन एकटाच तोंडावर होता. ओठ फुटलेला, शर्टावर रक्त वाळलेलं. रफिकभाई ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पाठमोरे बसलेले. साउंडवर गाणं चालू. "जेवायला चला," मी ओरडले. त्याने मान वळवली नाही. सोयाबीनच्या कवळ्यामागून कवळा असा आत कोंबत होता, जणू त्या मशीनचाच गळा दाबतोय. हात पार आतपर्यंत जात होते. मी रफिकभाईंना म्हणाले, "अहो काढा ना त्याला तिथून! मरंल तो!"

ते उठले. मुठी आवळलेल्या होत्या. मारायला चालले की सोडवायला, मला कळलं नाही.

आणि तेवढ्यात जाहिरात लागली.

"अरे रुक! अकेला अकेला कहाँ चला?"

तोच आवाज, तेच खिदळणं, मशीनच्या वर चढून सगळ्या शिवारात गेलं. गजाननचे हात आपोआप मागे आले. विचार नाही, बघणं नाही, नुसती सवय. त्याने डावीकडे उडी मारली. त्याच्या मागोमाग हडंब्यात कडाड असा आवाज झाला आणि तोंडातून एक विळा बाहेर आला. कापणी करताना कुणीतरी गंजीत विसरलेला विळा, ड्रमने धरून भिरकावलेला. जिथे आत्ता माझ्या नवऱ्याची मान होती तिथून तो गेला.

तिथे आता रफिकभाईंचा हात होता. गजाननची कॉलर धरून ओढायला त्यांनी तो लांब केला होता.

मनगटाच्या वर लागला. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला, मशीन चालू असताना ऐकला. पंजा कातडीला लोंबत होता आणि रक्त पिचकारीसारखं उडून भुसकटावर, माझ्या साडीवर, डब्यावर पडत होतं. रफिकभाई ओरडले नाहीत. हाताकडे बघतच राहिले, आणि मग गुडघ्यावर बसले. गजानन मात्र गुरासारखा ओरडत होता. त्याने शर्ट फाडला, दंड आवळून बांधला, तोंडाने "रफिक, रफिक" एवढंच. मालकाने ट्रॅक्टर बंद केला. साउंडवरचं गाणं मात्र चालूच... कुणाला भान होतं? मी तो साउंड ओढून खाली पाडला आणि दगडाने ठेचला. गप्प होईपर्यंत ठेचला.

टेम्पोत घालून नांदेडला नेलं. जीव वाचला. हात गेला.

आता माझ्या शंका. तुम्ही विचारणार त्या मी आधीच विचारल्यात. ब्लॉकर चालू होता का? होता, मी स्वतः बघितला. त्यातून त्या शेतात रेंजच नाही, फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी चालू होती, त्यात जाहिरात कुठून येणार? तोच फोन, तीच गाणी मी घरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. काही नाही. विळा ड्रमवर घासल्याचा आवाज असेल? असेल. पण घासलेलं लोखंड हिंदी बोलत नाही. कान वाजले म्हणावं तर सगळ्यांचे एकदम वाजले का? काशीबाईंकडे साधा फोनही नाही, पण त्या शब्द न शब्द म्हणून दाखवतात. मालकाने ऐकलं, गंजीवरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. सासूबाई म्हणतात कुणीतरी राखलं माझ्या लेकाला. राखणाऱ्याने पत्त्यांच्या गेमची जाहिरात कशाला निवडली, हे मी त्यांना विचारलं नाही. यावेळी तोंड आवरलं.

गजानन रोज रफिकभाईंकडे जातो. आंघोळीला पाणी काढून देतो, दाढी करून देतो. भांडणाचा विषय दोघंही काढत नाहीत.

मागच्या आठवड्यात मीही गेले होते. त्यांची बायको शबाना त्यांना जेवू घालत होती. डाव्या हाताने खायला ते अजून लाजतात. मला बघून म्हणाले, "काय भाभी, हात माझा गेला अन् तोंड तुमचं उतरलं?" मी हसले, रडले, दोन्ही झालं. मग राहवलं नाही, विचारलंच. त्या जाहिरातीबद्दल.

"जाहिरात?" ते म्हणाले. "कोणती जाहिरात?"

"ती... ओरडली ना ती बाई. त्यावरच तर हा उतरला."

"न्हाई हो. गाणं चालू होतं. मी तर त्याला ओढायला चाललो होतो. जाहिरात लागली असती तर मी थांबलो असतो ना. तो उतरल्याबिगर मी हात कशाला घालू?"

शबानाचा घास हातातच राहिला. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सबको सुनाई दी," ती म्हणाली. "आपको दी, भाईजान को दी, खेत की औरतों को दी. फिर मेरेच आदमी को काहे को नहीं सुनाई दी, भाभी?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती.