धुवारीत केलेला धूर

नांदुऱ्याहून गाडीत बसलो तेव्हा घरात होते नव्हते ते सगळे गरम कपडे आमच्या अंगावर होते. स्वेटर, शाल, वर यांची कानटोपी. आमच्या पिंपळगाव राजा या गावी जानेवारीत पहाटे पाण्यात हात घालवत नाही, आणि जातोय तिथंही जानेवारीच असणार, एवढीच आमची अक्कल. लेक कोकणात, खाडीकाठच्या एका गावात दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही दोघं तिला न्यायला निघालो होतो.

तिथं उतरलो आणि घामाघूम झालो. हिवाळा असा नव्हताच. सकाळी जरासा गारवा, जेवणाच्या वेळेला पंखा. यांची टोपी बघून लेक इतकी हसली, की हिच्या पोटात कळ तर येणार नाही ना, अशी मला धास्ती वाटली. मला कशाचीही धास्ती वाटते. "तुह्या मायले बिनकामाची काळजी करायची सवयच हाये," असं हे तिला म्हणाले. स्वतः मात्र गाडीत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते, ते मी पाहिलं होतं.

माझी काळजी बिनकामाची नव्हती. लेक शिक्षिका, आणि तिची शाळा खाडीपलीकडे. रोज सकाळी मशीनच्या होडीतून जायचं. दुसऱ्या दिवशी तिचा रजेआधीचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळी आमची परतीची गाडी.

"नको जाऊ वं," मी म्हटलं.

"आई, मुलं वाट बघतील. तू उगाच घाबरतेस."

किती शुद्ध बोलायला लागली होती! आमच्या बोलीचा एक शब्द तिच्या तोंडी उरला नव्हता. मनाला लागलं.

सकाळी तिला सोडायला आम्ही धक्क्यावर गेलो. पोट सांभाळत ती होडीत बसली, हात हलवला, होडी निघाली. ती खाडीच्या मध्यावर असेल, तेवढ्यात समुद्राकडून पांढरं काहीतरी सरकत आलं. धुकं, आमच्याकडची धुवारी. आमच्याकडं ती रात्रीतून पडते आणि सकाळी उठून बघावं तर शेत गायब. इथं ती डोळ्यांदेखत चालत आली आणि माझ्या लेकीला घेऊन गेली. मशीनचा आवाजही थांबला.

"नावाडी मशीन बंद करतो दिसेनासं झालं की," धक्क्यावरचा चहावाला म्हणाला. "त्या खांबावरचा दिवा दिसला की येईल परत. ओहोटी लागलीय म्हणा, ती तोंडाकडे ओढते, समुद्रात. पण येईल."

हे ओहोटीचं त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मी लेकीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

आता पुढं जे झालं ते ठरवून झालं नाही. आमच्याकडं तूर फुलोऱ्यात असताना धुवारी पडली की फूल गळतं. म्हणून उजाडायच्या आत बांधावर ओला कचरा पेटवून धूर करायचा, म्हणजे धुवारी पिकावर बसत नाही. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघं हे करत आलोय. धुवारी दिसली की एकमेकांशी न बोलता हात कामाला लागतात. तसेच ते लागले. यांनी धक्क्याशेजारच्या नारळाच्या सुक्या झावळ्या ओढून आणल्या, मी भिजलेली नारळाची सालं आणून वर टाकली, यांनी काडी लावली. दाट धूर निघाला आणि खाली खाली पसरत पाण्यावर गेला. मला बरं वाटलं. काहीतरी केलं, असं वाटलं.

चहावाला ओरडत धावत आला. "अहो काकी, काय केलंत हे! दिवा झाकलात!"

मी वळून पाहिलं. खांबावरचा पिवळा दिवा दिसत नव्हता. होडीतली माणसं जे एकच शोधत असणार, ते आम्ही आपल्या हातानं झाकलं होतं.

हे जळत्या झावळ्या नुसत्या हातांनी उचलून पाण्यात फेकायला लागले. मला हलताच येईना. तरी घसा शाबूत होता. लहानपणी शेताच्या त्या टोकाला खेळणाऱ्या या पोरीला जेवायला बोलवायचे, तशी मी दोन्ही तळवे तोंडाशी धरून ओरडले, "ये होऽऽ!"

काहीच नाही. पाणी धक्क्याला लागल्याचा आवाज फक्त. मी पुन्हा ओरडले. पुन्हा.

मग त्या पांढऱ्यातून, बरीच डावीकडून, हाक आली.

"ये माऽऽय! धूर काऊन केला वंऽऽ? इथं का तूर हाये?"

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. हे तसेच खाली बसले. मी हाक देत राहिले, ती ओ देत राहिली, आणि मशीनचा हळू आवाज आमच्या आवाजाच्या रोखानं जवळ येत गेला.

नावाड्यानं उतरल्या उतरल्या आम्हाला झाडलं. "मला वाटलं, गावाला आग लागली!" त्याचं बरोबरच होतं, आम्ही ऐकून घेतलं.

"वास आला अन् मले समजलंच," लेक म्हणाली. "त्याईले म्हटलं, काठ तिकडंच हाये. माहे मायबाप तिथं उभे हायेत."

त्या दिवशी शाळा राहिली. तिचे केस दवानं चिंब झाले होते. यांनी खिशातली कानटोपी काढली आणि भाजलेल्या हातांनी तिच्या डोक्यावर चढवली, कानांवरून नीट खाली ओढली. या वेळी ती हसली नाही. संध्याकाळी गाडीत उकडत होतं, तरी तिनं ती काढली नाही. नांदुऱ्याला उतरलो तेव्हाही ती तिच्या डोक्यावरच होती.