नापास झालेलं दूध

मुलगी सातवीत गेली तेव्हा तिचं विज्ञान मी घ्यायचं असं ठरलं. मी धडे मोजले, वार ठरवले आणि कामाला लागले. चुंबक झाला, लिटमस झाला, मिश्रणं वेगळी करणं झालं. घनतेचा धडा आला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, हा तू घे. त्याने कारण विचारलं, तर मी कुकर लावायला उठले. कामात राहिलं की उत्तर द्यावं लागत नाही.

मी स्वतः सातवीत होते तेव्हा आम्ही खानदेशात चोपड्याला, गावाच्या कडेला राहायचो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आईच्या दोन म्हशी होत्या. शिक्षक आणि बँकेतले लोक राहायचे त्या कॉलनीत आईच्या दुधाचा रतीब होता. दूध घालून झालं की किटली विसळायची आणि ते पाणी म्हशीच्या घमेल्यात ओतायचं, हा आईचा नियम. दुधाच्या भांड्याजवळ ती पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू द्यायची नाही. गावात काही गवळी म्हैसच गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन समोर दूध काढून द्यायचे. आईला ते फार कमीपणाचं वाटायचं. लोकांना आपल्या दुधाचा भरवसा नसला म्हणजे म्हैस फिरवावी लागते, असं ती म्हणायची.

आमचे विज्ञानाचे सर त्याच कॉलनीत राहायचे आणि आईचंच दूध घ्यायचे. घनतेचा धडा आला तेव्हा त्यांनी कुठूनतरी लॅक्टोमीटर मिळवला, दुधात पाणी असेल तर खाली जाणारी काचेची नळी, आणि घरून दूध कोण आणेल असं वर्गात विचारलं. सर्वांत आधी हात वर केला तो मी. आमच्याकडे दूध आहे ही गोष्ट वर्गात एकदाच कामाला येणार होती.

मी आईला सांगितलं तर ती माझ्याहून जास्त खूश झाली. सकाळची शाळा होती. तिने पहाटे धार काढली, पण सरांना दाखवायचं म्हणून सुरुवातीचं दूध मला दिलं नाही. म्हशीच्या शेवटच्या धारा सर्वांत घट्ट असतात, साय त्यांच्यातच जास्त. घरात कोणी आजारी असलं तरच ते दूध वेगळं काढलं जायचं.

"सरस्ले देखाडनं शे ना?" ती म्हणाली. "मंग शेवटनी धार लई जाय."

तिने डब्यात ते दूध काढलं, थंड होऊ नये म्हणून डबा फडक्यात गुंडाळला आणि मला पळायला सांगितलं. मी पोचले तेव्हा डबा हाताला ऊन लागत होता.

माझ्याशिवाय आणखी एका मुलाने दूध आणलं होतं. त्याच्या वडिलांचं स्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं. त्याचं दूध आदल्या रात्री तापवून, वरची साय काढून घेतलेलं आणि गार झालेलं. सरांनी त्यात लॅक्टोमीटर सोडला. तो शुद्ध दुधाच्या खुणेच्याही थोडा वर तरंगत राहिला. मग माझं दूध नळकांड्यात ओतलं. इतकं घट्ट की काचेला पांढरा थर धरला. लॅक्टोमीटर सोडला आणि तो खाली गेला. पाण्याची खूण आणि दुधाची खूण यांच्या मधोमध कुठेतरी थांबला. सरांनी तो काढला, पुसला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच.

"आता कळलं, आमचा चहा असा का होतो ते," सर म्हणाले.

वर्ग हसला. सर तसे वाईट नव्हते. त्यांनी लगेच सगळ्यांना गप्प केलं आणि विज्ञान माणूस बघत नाही, आकडा बघतं, असं सांगितलं. पण त्याने फक्त एवढंच झालं की हसणं मधल्या सुट्टीपर्यंत पुढे गेलं. सुट्टीत त्या हॉटेलवाल्याच्या मुलाने मला विचारलं, "तुमची म्हैस तापीत बसून दूध देते का गं?" उरलेलं वर्ष मला तापी याच नावाने हाक मारली गेली.

घरी येऊन मी आईला सांगितलं की आपलं दूध नापास झालं. तिला आधी गंमत वाटली.

"दूध बी नापास होस का?" तिने विचारलं. मग मी सगळं सांगितलं, आणि ती हातातली वैरण तशीच धरून उभी राहिली.

संध्याकाळचा रतीब माझ्याकडे असायचा. पहिलं दार सरांचं. सरांची बायको किटलीकडे न बघता म्हणाली की उद्यापासून नको. मी मान हलवली. पुढच्या काही दिवसांत बँकेतल्या साहेबांनी बंद केलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. कोणी कारण दिलं नाही. सगळे माझ्याशी गोड बोलले, आणि ते गोड बोलणं ऐकताना किटलीची कडी हातात घट्ट धरून मी खाली बघत राहायचे. उरलेलं दूध आई विरजायला लागली. ताक आम्ही पिऊ शकलो नाही इतकं झालं.

वडील म्हणाले, दुसरी गिऱ्हाइकं बघू. रविवारी सकाळी आईने, शाळेत जिचं दूध गेलं होतं त्या म्हशीला धुतलं, दावं सोडलं आणि मला पारडू घ्यायला सांगितलं. पारडू समोर असल्याशिवाय ती म्हैस दूध द्यायची नाही, म्हणून मला जाणं भाग होतं. आई पुढे, म्हैस मधे, मी पारडू ओढत मागे. माझ्या डोक्यावर भिजवलेल्या सरकीचं घमेलं. कॉलनीच्या मैदानात आमच्या वर्गातली मुलं क्रिकेट खेळत होती. त्यांनी खेळ थांबवला. आईने पदर नीट केला आणि सरळ चालत राहिली. ज्या गवळ्यांना ती नावं ठेवायची, त्यांच्यासारखी ती आज म्हैस घेऊन दारोदार निघाली होती. मला वाटलं रस्ता संपूच नये, किंवा आत्ताच संपावा.

सर बनियनवर बाहेर आले. आईने त्यांना लॅक्टोमीटर आणायला सांगितलं. मग ती धारेला बसली. परक्या अंगणात, एवढ्या पोरांच्या गराड्यात म्हैस काही पान्हा सोडेना. आईने सरकी पुढे केली, पारडू लावलं, ओढलं, पुन्हा बसली. एक मुलगा म्हणाला की आज पाणीपण येत नाहीये. कोणीतरी हसलं. सर त्याच्याकडे वळले तसा तो गप्प झाला, पण आई तशीच बसून होती, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून. शेवटी धार सुटली. शेवटच्या धारा तिने तांब्यात वेगळ्या काढल्या आणि तांब्या सरांपुढे धरला.

सरांनी आपल्या डोळ्यांसमोर काढलेल्या त्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. तो वर्गात जिथे थांबला होता, जवळजवळ तिथेच थांबला.

सरांनी लॅक्टोमीटर बाहेर काढला. मग त्यांनी बायकोला परातीत गार पाणी आणायला सांगितलं, तांब्या त्यात ठेवला आणि आत जाऊन एक जाड पुस्तक घेऊन आले. दूध गार झालं तसा लॅक्टोमीटर थोडा वर आला. पहिल्या धारांचं दूध गार केलं, त्यात तो आणखी वर आला. सर हळूहळू, स्वतःलाच समजावत बोलत होते. ऊन दूध हलकं असतं. आणि साय पाण्यापेक्षा हलकी. जितकं घट्ट दूध तितका हा खाली जाणार.

"अक्का, तुमचं दूध चांगलं आहे," ते म्हणाले. "उद्यापासून पाठवा."

आईने म्हशीचं दावं उचललं.

"सर, वर्गमा बोलनात, वर्गमाच सांगा," ती म्हणाली. "मंग दूध."

सोमवारी सरांनी घनतेचा धडा पुन्हा घेतला. तापमानाचा परिणाम, स्निग्ध पदार्थांचा परिणाम, दोन्ही फळ्यावर लिहिलं. फार चांगलं शिकवलं. पण कोणाच्या दुधावरून हे कळलं, ते बोलले नाहीत. घरी गेले तर आई दारातच.

"सांगं का?"

मी नाही म्हटलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी दप्तर ठेवायच्या आत ती विचारायची आणि मी नाही म्हणायचे. एक दिवस तर हो म्हणून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. तिचं विचारणं थांबलं असतं, मला वर्गात रोज सरांच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं नसतं. पण ती सरांच्या घरी जाऊन खात्री करेल याची भीती वाटली, म्हणून राहिलं. सरांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि ते तोंड उघडायला लागले की नको, नको असंही वाटायचं.

मग घटक चाचणी झाली. सरांनी एक प्रश्न घातला होता: ताज्या, घट्ट म्हशीच्या दुधात लॅक्टोमीटर खाली जातो. शास्त्रीय कारण द्या. पेपर तपासून आणले त्या दिवशी ते गठ्ठा टेबलावर ठेवून उभे राहिले. वर्गातल्या बहुतेकांनी एकच उत्तर लिहिलं होतं, कारण दूधवाल्याने त्यात पाणी घातलेले असते. फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांनी उतरवून घेतलं होतं, पण डोक्यात राहिला होता तो पहिला दिवस.

सरांनी ते उत्तर वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघून मला उभं राहायला सांगितलं.

"हिने आणलेलं दूध वर्गातलं सगळ्यात चांगलं दूध होतं," ते म्हणाले. "त्यात पाणी नव्हतं. मी तपासायला चुकलो आणि तुमच्यासमोर हिच्या आईला खोटं पाडलं. ही माझी चूक."

इतक्या दिवसांत मी याचीच वाट पाहत होते. सगळा वर्ग माझ्याकडे वळला, हॉटेलवाल्याचा मुलगासुद्धा, आणि माझे कान पहिल्या दिवसासारखेच तापले. सरांचा आवाज जरा कापत होता. मोठा माणूस आपल्यामुळे असा उभा आहे, हे मला बघवेना. मी बाकावरच्या खाचेत बोट घालून उभी राहिले. त्यांनी बस म्हटलं तेही मला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

घरी आई दारात होती. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं की सर बोलले.

"बठ्ठा पोरेस्मोर?"

"सगळ्यांसमोर."

सर काय बोलले ते ती शब्दनशब्द विचारत राहिली. मी सांगितलं, पण सरांचा आवाज कापला ते मात्र सांगितलं नाही. ती आत गेली, किटली घासून पालथी घातली, आणि संध्याकाळी सरांच्या घरचं दूध भरून माझ्या हातात दिलं. ते शेवटच्या धारांचं होतं. मी ते सरांच्या दारात ठेवलं, कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत पळाले.