वनमालाबाईंच्या बांधावरच्या चोची

पालीच्या वनमालाबाई कुणाशी भांडत नाहीत, असं आमच्या गावात म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्यांचा बांध पाहिलेला नाही. माझं रान त्यांच्या रानाला लागून, म्हणून सांगते, एवढी डूख धरणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

नवरा गेला, मूलबाळ नाही. पलीकडचं रान धाकट्या दिराचं, सुंदररावांचं. माणूस तोंडावर गोड. पण नांगरट आली की ट्रॅक्टर हटकून वहिनीच्या बांधावर चढायचा. दर साली थोडा थोडा बांध कोरायचा. पूर्वी त्यावरून बैलजोडी जायची, शेवटी शेळीलाही पाय ठेवायला जागा उरेना.

बाईंनी पारावर चार माणसांत जाब विचारला. सुंदरराव हसत म्हणाले, "वांझंला बांध कशाला पायजे, वैनी? मागं खाणारं कोण हाय?" चार माणसंही हसली. बाई पदर सावरून घरी आल्या, भाकरी थापल्या, जेवल्या. मला वाटलं, अपमान गिळला. कसलं गिळतायत!

बीडला एका बंगल्याचं आवार मोठं करताना माळ्याने बर्ड ऑफ पॅराडाईजचे गड्डे उपटून टाकले होते. केळीसारखी पण कडक पानं, आणि चोच उघडून बसलेल्या पाखरासारखं केशरी-निळं फूल. बाईंनी ते गड्डे पोत्यात भरून आणले आणि उरलेल्या बांधावर ओळीनं लावले. शेणखत घातलं, वाळलेलं पान दिसलं की ओढून काढलं. घागरीनं पाणी घालताना त्यांची नजर दिराच्या घरावर असायची. तेव्हा त्या काय पुटपुटत, ते लिहिण्यासारखं नाही.

हे झाड जागेवरून हललं की रुसतं. दोन हिवाळे गेले, एक फूल नाही. सुंदरराव बांधाशी थांबून म्हणायचे, "लागवड मालकिणीवर गेली, वैनी. वांझच!" त्या उन्हाळ्यात तर त्यांनी नांगर थेट गड्ड्यांच्या कडेवर घातला. फाटलेले तुकडे त्यांच्याच रानात जाऊन पडले. मी बोंब मारायला निघाले, तर बाईंनी माझा हात धरला.

"पडू दे," म्हणाल्या.

सुंदररावांनी तिथं ऊस लावला, ठिबक सोडलं. तुकड्यांना फुकटचं पाणी मिळालं. ऊस तुटून गेला, तेव्हा त्यांनी कोरून खाल्लेल्या पट्ट्यात बर्डची रोपं उभी होती, आणि इकडे बांधावर चोचीच चोची.

सुंदरराव पारावरची तीच चार माणसं घेऊन आले. "वैनी, तुमची झुडपं माझ्या रानात आली. उपटून न्या."

एका चोचीतून एकामागून एक फुलं निघतात; बाई आत अडकलेलं दुसरं फूल अंगठ्यानं अलगद वर काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती तर वांझ व्हती ना, भाऊजी? मग वांझंची लेकरं तुमच्या रानात कावून आली?"

चौघे हसले. या खेपेला सुंदररावांना.

"तुमच्याच नांगरानं पेरली," बाई उठून उभ्या राहिल्या. "आता माझी लेकरं जिथवर, तिथवर माझा बांध."

यंदाची नांगरट सुंदररावांनी त्या रोपांच्या पलीकडून केली. बाई सकाळपासून बांधावर बसून होत्या. ट्रॅक्टर जवळ आला तशा ओरडल्या, "जरा लांबून, भाऊजी! लेकरं भेत्यात."