सुईच्या हातात किल्ल्या

सिस्टर इंजेक्शन घेऊन धावत आली तेव्हा आमच्या मालकांनी लेकीचा हात दोन्ही हातांनी आवळून धरला होता. लेकीला फिट आली होती. डोळे वर गेलेले, जबडा आवळलेला, डोक्याला चिकटवलेल्या वायरी हिसके खात होत्या. मालकांनी आपली किल्ल्यांची जुडी तिच्या मुठीत कोंबून हात कोपरात दुमडून धरला होता. त्याच कोपरात सलाईनची सुई होती.

"बाबा, हात सोडा, सुई निघंल," सिस्टर म्हणाली.

"लोखंड हाय, उतरंल आता," मालक म्हणाले.

सुई निघाली. चादरीवर रक्त सांडलं. सिस्टरला दुसरी शीर सापडेपर्यंत फिट थांबली.

आमच्या गावाकडं, बिडकीनला, फिट आली की हातात लोखंड देतात. लेक लहान असल्यापासून मालक तेच करत आले. फिट आपली आपण थांबते, पण त्यांना ती किल्ल्यांनी थांबल्यासारखी वाटायची. याच फिटांपायी लेकीचं लग्न मोडलं. बजाजनगरला आमच्याजवळ राहून ती कपडे शिवायची. शिवताना फिट आली की मशीनची सुई बोटात जायची. डॉक्टर म्हणाले, बिघाडाची जागा नक्की कळली तर ऑपरेशन करता येईल.

ती जागा शोधायलाच तिला दवाखान्यात ठेवलं होतं. गोळ्या बंद करून मुद्दाम फिटची वाट बघायची. मी चौथी शिकलेली, पण डॉक्टरांचं बोलणं मला समजलं. मेंदूत वीज चालते. फिटमध्ये ती एका जागी पेटते आणि बघता बघता पसरते. वायरींवर ती दोन्ही बाजूंना एकदमच दिसायची. पण वीज जिथं पेटते तिथं रक्त जास्त धावतं. फिट सुरू होताच इंजेक्शनमधलं औषध शिरेत गेलं, तर ते रक्ताबरोबर तिथं जाऊन बसतं आणि मग मेंदूच्या फोटोत जागा दिसते. उशीर झाला की वीज पसरलेली, रक्तही तिच्यामागं पसरलेलं. मग फोटो काढून उपयोग नाही. हे मालकांनाही सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

लेक शुद्धीवर आली. जीभ चावली गेली होती. तिनं मूठ उघडून बघितली.

"बाबा, किल्ल्या दिल्या, कुलूप कुठंय?"

मालक हसले नाहीत. मग तिनं मला विचारलं, "झालं का गं, आई?"

"नाय झालं."

ती भिंतीकडं तोंड करून पडली.

ते औषध रोज ताजं आणावं लागतं, संध्याकाळपर्यंत त्याचा जोर उतरतो. त्या दिवशी पुन्हा फिट आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. घरी आल्यावर मी मालकांना बोल लावला नाही. शेजारणीला त्यात माझा मोठेपणा दिसला. मोठेपणा कसला. घरात माणसं तीन, त्यातल्या एकाशी भांडून दिवस कसे काढायचे?

पुन्हा जायच्या आधीच एका सकाळी ती उठली नाही. झोपेत फिट आली असावी, तोंड उशीत होतं. शेजारच्या खोलीत आम्हाला काही ऐकू आलं नाही.

लेक गेली. आम्ही दोघं म्हातारी तेवढी उरलो.