डबडं उठंना

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. माझ्या बदनापूरच्या दुकानात एका खोक्यात मेलेले माऊस पडून असतात. फेकू फेकू म्हणतो आणि फेकत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी चहाला येऊन बसला की एखादा वर येतो, आणि त्याच्या वायरीत अडकून आणखी चार येतात.

त्यातले निम्मे एकट्या एका मशीनचे आहेत. धावड्याच्या भानुदास गुरुजींचं मशीन. गुरुजींनी मला चौथीत शिकवलं, त्यामुळे "गुरुजी, आता नवीन घ्या" असं मला एकदाच म्हणता आलं. ते म्हणाले, "चौथीत तुला दोनदा बसवलं, पण बदलून दुसरा मागितला का मी?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

रिटायर झाल्यावर गुरुजींनी या मशीनवर एक यादी सुरू केली. आपल्याकडच्या बोलण्यातले, पण पुस्तकात फारसे न सापडणारे शब्द आणि त्यांचे अर्थ. शब्द बहुतेक सगळे कौसाकाकूंचे, म्हणजे गुरुजींच्या बायकोचे. काकू भाकरी थापता थापता बोलायच्या आणि गुरुजी बैठकीतून ओरडायचे, "काय म्हणलीस? पुन्हा म्हण!" काकू पुन्हा कधी म्हणायच्या नाहीत.

यादी ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होती ते फार जुनं. त्याच्यासोबत एक प्लास्टिकची खुंटी मिळायची. ती मशीनच्या मागं, जुन्या प्रिंटरच्या भोकात लावायची. खुंटी असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी अक्षरांची गिचमिड. नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नसतं. म्हणजे हे मशीन गेलं की यादी गेली. हे गुरुजींना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मशीनलाही माहीत असावं, इतका त्याला माज होता.

*

चालू होताना कॉम्प्युटर शिट्टी मारतो. एक बारीक शिट्टी म्हणजे तब्येत ठीक. जास्त वाजल्या तर आत दुखणं आहे, आणि किती वाजल्या, लांब की आखूड, यावरून ते कुठं आहे हे आम्हाला कळतं.

एकदा सकाळी गुरुजींचा फोन आला. "दत्ता, मशीन उठंना."

"शिट्ट्या किती मारतंय गुरुजी?"

"थांब, मोजून सांगतो."

मी फोन कानाला लावून बसलो. दुकानात दोन गिऱ्हाईकं ताटकळत उभी. बऱ्याच वेळानं गुरुजी म्हणाले, "तीन. चांगल्या लांब हायेत." आणि फोन ठेवला.

तीन लांब! मी घाबरलो. रॅम घेतली, डिस्प्लेचं कार्ड घेतलं, टेस्टर घेतला, सगळं पिशवीत घालून मोटारसायकलवर दोन तास धावड्याला गेलो. जाऊन बघतो तर मशीनची मागची वायरच निसटलेली. ते बिचारं मुकं पडलेलं होतं.

"मंग शिट्ट्या कुणी मारल्या?" मी विचारलं.

काकू स्वैपाकघरातून म्हणाल्या, "तुरीची डाळ व्हती बाबा. तिला चार लागतात. यांनी तीनलाच फोन ठेवला."

*

खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतात, मी माझे पेचकस पुजतो, आणि गुरुजी मशीन पुजतात. इथपर्यंत माझी तक्रार नाही. झेंडूचा हार पंख्यात गेला, एका वर्षी कुंकू कीबोर्डात गेलं, तेही मी निमूटपणे काढलं. त्या वर्षी मात्र पूजेच्या वेळी काकूंचं बोट कुठंतरी लागलं आणि सीडीचा ट्रे सुळकन बाहेर आला.

काकूंना वाटलं, देवानं हात पुढं केला. त्यांनी त्यावर पान-सुपारी ठेवली. ट्रे आत गेला.

दुसऱ्या दिवशी फोन. "दत्ता, ते आतल्या आत काहीतरी कुटून राह्यलंय. उठत न्हाई."

पुन्हा दोन तास. ड्राइव्ह खोलला, सुपारीचे तुकडे काढले, पानाचा चोथा चिमट्यानं ओढून काढला. घामाघूम झालो होतो. म्हणालो, "काकू, याच्यात काही ठेवत जाऊ नका हो. हात जोडतो."

काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यानं सुपारी घेतली ना? मंग आता काम बराबर करायला पाहिजे."

त्यानंतर ते पाच महिने एकदाही अडलं नाही. हे मी दुकानात कुणाला सांगत नाही.

*

फोनवर चिडायचीही सोय नव्हती. एकदा तासभर "हे दाबा, ते काढा, आता पुन्हा लावा" करून मी वैतागून म्हणालो, "गुरुजी, तुमच्या मशीननं मला पार जिकिरीला आणलं."

मला वाटलं, जास्त बोललो. मग गुरुजी म्हणाले, "जिकीर. तुझी आई लई वापरायची हा शब्द. थांब, लिहून घेतो."

"कशावर लिहिता? मशीन तर बंद आहे!"

"खडू हाय ना."

त्या खेपेला मी महिन्यानं पोचलो, तेव्हा दोघंही शेताकडं गेलेले, दार नुसतं ओढून घेतलेलं. मी म्हटलं, बरं झालं, शांततेत काम होईल. मशीन अंगणात आणलं, ब्लोअर मारला, ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, रॅम घासून बसवली आणि चालू करून ठेवलं. एवढा चोख मी माझा स्वतःचा कॉम्प्युटरही कधी पुसलेला नाही.

गुरुजी आले. मशीन चालू बघून खूश होतील असं वाटलं होतं. ते त्याच्या पत्र्याच्या अंगाकडं बघत राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"यावर अकरा शब्द व्हते," ते म्हणाले.

महिनाभर मशीन बंद होतं, आणि काकू जे बोलल्या ते गुरुजींनी मशीनवरच खडूनं लिहून ठेवलं होतं. चालू झालं की त्याचं त्यालाच भरवायचं, असा हिशोब. मला ते धुळीचे पांढरे फराटे वाटले होते. मी मान खाली घालून बसलो, अगदी चौथीतल्यासारखा. काकूंनी आठवून आठवून नऊ शब्द परत सांगितले. दोन काही केल्या आले नाहीत. ते दोन मी पुसले, हे मला अजून टोचतं.

*

काकूंचा स्वतःचा एक इलाज होता. मशीन अडलं की त्या पदर खोचून यायच्या, त्याच्या डोक्यावर एक सणसणीत चापट मारायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ, डबड्या!" दहातल्या सात वेळा ते उठायचं.

माझी चिडचिड व्हायची. मी त्यांना कितीदा समजावलं, की आत नाजूक सामान असतं, कुठलातरी जोड ढिला आहे म्हणून ते हादऱ्यानं चालतं, पण अशानं ते एक दिवस कायमचं बसेल. काकू म्हणायच्या, "हो का?" आणि पुढच्या वेळी पुन्हा चापट.

गुरुजींना चापटीचं काही वाटायचं नाही. राग यायचा तो शब्दाचा. मी एकदा सहज विचारलं, "गुरुजी, डबडं यादीत घेतलं का?"

"न्हाई. आन येणारबी न्हाई."

"का? चांगला शब्द आहे."

"शब्द चांगला हाय. पण ज्याच्यावर यादी लिहून राह्यलो, त्यालाच ती डबडं म्हणती. ते मी त्याच्याच पोटात घालू का?"

*

मागच्या वर्षी काकूंना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समोरचं सगळं कळायचं, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. महिनाभर दवाखान्यात काढून गुरुजी त्यांना घरी घेऊन आले, आणि मशीन लावलं तर ते पूर्ण थंड. शिट्टी नाही, पंखा नाही.

त्या दिवशीच्या फोनवर गुरुजी "उठंना" म्हणाले नाहीत. म्हणाले, "दत्ता, डॉक्टर म्हणले, ओळखीचं बोलत ऱ्हा, त्यांच्या कानावर त्यांचे शब्द पडू द्या. तिचे शब्द सगळे आत हायेत. मला आता तोंडपाठ किती येतात? चाळीस-पन्नास. जल्दी कर बाबा."

मी मशीन उचलून बदनापूरला आणलं. पहिल्यांदा सोपा मार्ग धरला. त्याची हार्ड डिस्क काढून माझ्या कॉम्प्युटरला लावली आणि यादी उघडली. अपेक्षेप्रमाणे गिचमिड. मराठी करून देणारा एक कन्व्हर्टर लावला, तर त्यानं ळ चा ल केला आणि जोडाक्षरं खाऊन टाकली. अर्ज-बिर्ज असता तर चाललं असतं. इथं पुढचं-मागचं वाक्यच नाही, अंदाज तरी कशावरून बांधणार? शब्दच असे, की चुकलेत हेही मला कळेना.

गुरुजी फोनवर वाट बघत होते. "काय दिसतंय? पहिला शब्द वाच."

मी काय वाचणार? म्हणालो, "व्ही, एम, मग एक डॉलर, मग के."

गुरुजींनी ते स्वतःशी एकदा पुटपुटून बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "हा आपल्याकडचा न्हाई."

*

माझ्या दुकानाच्या अर्ध्या भागात रफिकभाई मोबाईल दुरुस्त करतात. त्यांच्याइतका सोल्डरिंगचा बारीक डाग देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी मशीनचा मदरबोर्ड त्यांच्यापुढं ठेवला. त्यावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या डब्या, फुगून फुटायला आलेले.

रफिकभाईंनी भिंग लावलं. "मियां, ये तो पापड हो गया."

मी त्यांना काकूंचं सांगितलं. माझ्या भंगारातल्या दोन बोर्डांवरचे बरे कपॅसिटर त्यांनी एकेक करून काढले आणि याच्यावर बसवले. दोन दिवस त्यांची स्वतःची गिऱ्हाईकं बाकावर बसून शिव्या घालत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीननं एक बारीक शिट्टी मारली.

मी चहा सांगायला निघालो. रफिकभाई म्हणाले, "अभी नक्को. पैले उनकू बोलने दो, फिर चाय."

*

मशीन गोधडीत गुंडाळलं, मोटारसायकलला बांधलं आणि धावड्याला निघालो. खड्डा दिसला की उतरून ढकलत नेत होतो. दोन तासांचे चार झाले.

काकू बैठकीतच बाजेवर उशीला टेकून बसलेल्या. त्यांना दिसेल असं गुरुजींनी टेबल ओढून ठेवलं होतं. मी मशीन मांडलं, वायरी लावल्या, मागं खुंटी लावली, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. वायर बदलली. बोर्ड बदलून बघितला, भिंतीतला, मशीनमधला नाही. खोलून रॅम काढून बसवली. सगळे जोड दाबून बघितले. गुरुजी बाजूला उभे, चष्मा हातात. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुकानात सकाळी तीनदा चालू केलेलं मशीन! रफिकभाईंचे दोन दिवस, माझे चार तास, आणि बाजेवरून काकू टक लावून बघतायत.

माझं डोकं फिरलं. मी हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवून दिली एक सणसणीत.

पंखा फिरला. एक बारीक शिट्टी वाजली.

आणि बाजेवरून आवाज आला, "डबडं."

जड होता, अर्धा ओठातच राहिला होता, पण शब्द तोच होता. माझा हात मशीनवर तसाच राहिला. मला मागं वळून बघायचा धीर होईना. माझे डोळे भरून आले होते, आणि गुरुजींसमोर मी चौथीनंतर रडलेलो नव्हतो.

ते जुनं मशीन पूर्ण सुरू व्हायला चार मिनिटं घेतं. मग गुरुजी खुर्चीवर बसले, चष्मा लावला, यादी उघडली आणि सावकाश खाली खाली जात 'ड' वर आले. तिथं डफडं होतं, त्याच्याखाली डबरं होतं. दोघांच्या मध्ये त्यांनी एक ओळ मोकळी केली आणि एका बोटानं टाइप केलं, डबडं.

मग खुर्ची बाजेकडं वळवून त्यांनी विचारलं, "अगं, अर्थ काय लिहू?"

काकूंनी डावा हात उचलला. मला वाटलं, मशीनकडं जाणार.

बोट सरळ गुरुजींकडं गेलं.